शेवटून अकरावं

"आई, मी फोली शिकतोय," असं माझ्या पुतण्यानं मुंबईहून फोनवर सांगितलं, तेव्हा वहिनी तव्यासमोर होत्या. त्यामुळे गैरसमजाला वातावरण अगदी पोषक होतं. त्या म्हणाल्या, "पोळी? बरं झालं बाबा. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं. गोल येतात का?" पलीकडून आरडाओरडा झाला, "पोळी नाही गं, फोली! फणसातला फ!" वहिनींनी फोन माझ्या हातात कोंबला. फणसाचा आणि शिक्षणाचा संबंध त्यांना लागेना आणि तवा तापला होता.

आमचं घर दाभोळच्या चढणीवर आहे. ओटीवर बसलं की खाडीचं तोंड दिसतं, पलीकडं अंजनवेलचा डोंगर दिसतो आणि थोड्या थोड्या वेळानं धोपाव्याहून गाड्या-माणसं पोटात घेऊन येणारी फेरीबोट दिसते. या ओटीवर आजवर पुष्कळ धंद्यांची चर्चा झाली. बोटीवरची नोकरी, आखातातली नोकरी, एसटी, पोस्ट, मास्तरकी, कलमांची बाग, कोळंबीची तळी. फोलीवर बोलायची वेळ आली नव्हती.

तर फोली म्हणजे असं. सिनेमात नायिका जिना उतरते तेव्हा जो टकटक आवाज येतो, तो बहुतेक वेळा नायिकेचा नसतोच. शूटिंगच्या वेळी माइकचं सगळं लक्ष तिच्या बोलण्याकडं असतं. पावलं, बांगड्या, पदराची सळसळ, कपबशीचा किणकिणाट हे नंतर बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत बघत कुणी दुसराच वाजवतो. अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचे गृहस्थ होते. बोलपट नवे होते तेव्हा, 1920च्या दशकाच्या अखेरीला, त्यांनी ही विद्या बसवली, म्हणून तिला त्यांचं नाव. म्हणजे माझा सहा फुटी, मिशीवाला पुतण्या त्या दिवसांत नायिकेच्या उंच टाचांच्या चपला हातात धरून चालायला शिकत होता. हे मी वहिनींना सांगितलं नाही. पोळीपर्यंत ठीक होतं.

खरं तर हे त्याचं पाचवं खातं. कॉलेज अर्धवट टाकून तो घरातून निघाला तो कॅमेरा शिकायला. तिथं त्याला फोकस पुलरच्या हाताखाली घातलं. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, म्हणाले, "पुलर म्हणजे ओढणारा. जाळी ओढायला इथं काय कमी होती?" मग काही दिवस तो लाइटच्या खात्यात होता. तिथल्या मुख्य माणसाला गॅफर म्हणतात. वहिनींनी ते 'गफूर' असं ऐकलं आणि मुलगा कुणा वडीलधाऱ्या माणसाच्या हाताखाली आहे या समाधानात चार महिने काढले. त्यानंतर सेट लावणारे, त्यानंतर एडिटिंगचा अंधारा खण, आणि आता हे. प्रत्येक धक्क्याला लागून पुढं जाणाऱ्या जुन्या लाँचसारखा त्याचा प्रवास चालला होता. आमची पंचाईत वेगळीच होती. बाजारात कुणी विचारलं की दादा सांगत, "मुलगा फिल्म लाइनमध्ये आहे." समोरच्याचे डोळे चमकत. "हिरो?" "नाही." "मग व्हिलन?" "नाही हो." "मग?"

हा जो 'मग?' आहे ना, त्याला दादांकडं उत्तर नव्हतं. गावाच्या हिशेबात सिनेमात तीन माणसं असतात, हिरो, हिरॉईन आणि व्हिलन. चौथा असलाच तर तो गाणं चालू असताना मागं नाचतो.

दाभोळच्या माणसाला तरी ही गोष्ट चटकन कळायला हवी होती. कारण नाव एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी याचा आमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुठल्या गावाला नसेल. नव्वदच्या दशकात एन्‍रॉनचा वीजप्रकल्प आला तो खाडीच्या पलीकडं, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. कंपनीनं नाव ठेवलं 'दाभोळ पॉवर कंपनी'. जमीन पलीकडच्या गावांची, धूळ त्यांची, मोर्चे आणि लाठ्या त्यांच्या, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आमचं. 2001च्या अखेरीस अमेरिकेत एन्‍रॉनचं दिवाळं निघालं तेव्हा बदनामीसुद्धा काडीचं काम न करता आमच्या पदरात पडली. खाली बंदराजवळची शाही मशीद घ्या. विजापूरची माईसाहेब मक्केला जायला म्हणून आली, जाता आलं नाही, तेव्हा बरोबरचं धन तिनं या मशिदीला लावलं असं सांगतात. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ माईसाहेबाचं नाव चाललंय. तो काळा दगड बसवला कुणी, हे मी पुष्कळांना विचारून पाहिलं. "गवंड्यांनी," असं उत्तर मिळालं.

मलाही या बाबतीत वैयक्तिक दुखणं आहे. वीस वर्षं मी गावच्या नाटकाचा प्रॉम्प्टर होतो. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी उतरायचे, त्यातले निम्मे नट असायचे आणि उरलेल्या निम्म्यांना आपण नट आहोत असं वाटायचं. पाठांतर कुणाचंच नसे. पडद्याच्या कडेला, एका गुडघ्यावर बसून, हातात बॅटरी धरून मी त्यांना वाक्यं पुरवायचो. हस्तपत्रिकेत सगळ्यांची नावं असत. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, मंडपवाला, जनरेटरवाला, ज्यांच्या अंगणात रंगीत तालीम झाली ते. माझं नसे. का, तर प्रॉम्प्टर आहे हे प्रेक्षकांना कळता कामा नये! एका वर्षी शिवकालीन नाटक होतं. दुसऱ्या अंकात खाडीवरून असा वारा सुटला की माझ्या वहीची आठ पानं उडाली. हाताला लागलं तिथून मी पुढं वाचायला सुरुवात केली. परिणामी सरदार कैद होण्याआधीच त्याची सुटका झाली, आणि सुटल्याबद्दल त्यानं आभार मानले ते ज्यानं अजून पकडलं नव्हतं त्याचे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मात्र माझं नाव झालं. मंडपात जो तो विचारत होता, "प्रॉम्प्टर कोण होता रे?"

काम नीट झालं तर नाव नाही, बिघडलं तर लगेच. पडद्यामागच्या सगळ्या धंद्यांचा कायदा हाच असावा.

पुतण्याला हे वेड लागलं कुठून, ते मला ठाऊक आहे. तो आठवीत असताना जेट्टीवर एका जाहिरातीचं शूटिंग आलं होतं. कसली जाहिरात ते शेवटपर्यंत कळलं नाही. साबण असावा, कारण सगळे फार आनंदात होते. चाळीस सेकंदांच्या कामाला साठ-सत्तर माणसं. फेरीबोटीची रांग एका अंगाला, गाव दुसऱ्या अंगाला, आणि मधे वायरींचं जाळं. आमच्या शेजारचे चाचा जन्मभर बोटीवर सारंग होते. त्यांनी पाच मिनिटं निरखून पाहिलं आणि निदान केलं, "ही बोट आहे. तो टंडेल, ते खलाशी, तो चहा देतोय तो भंडारी." चहा देणाऱ्याला तिथं स्पॉटदादा म्हणत होते. "आणि कप्तान?" मी विचारलं. चाचांनी छत्रीखाली खुर्चीत बसून काहीही न करणाऱ्या माणसाकडं बोट दाखवलं. "जो काय करत नाय तो." तोच दिग्दर्शक निघाला.

एक दणकट मनुष्य थर्माकोलचा मोठा पांढरा पत्रा दोन्ही हातांत धरून तासभर उन्हात उभा होता. काय करतो म्हणून चौकशी केली तर कळलं, ऊन वळवतो. म्हणजे आलेलं ऊन नायिकेच्या तोंडावर टाकतो. आमच्याकडं ऊन अडवायचे पैसे मिळतात, वळवायचे मिळतात हे त्या दिवशी नव्यानं समजलं.

पण खरा प्रसंग घडला बांगड्यांवरून. गावातल्याच एका मावशीला पाटीत बांगडे घेऊन मागं बसवलं होतं. नायिका तिच्या समोरून हसत जाणार, एवढंच. दोनदा झालं. तिसऱ्यांदा 'रोलिंग' म्हणणार इतक्यात हातात वही असलेली एक किडकिडीत मुलगी पुढं आली. "थांबा. मघाशी सात बांगडे होते, आता सहा आहेत. आणि वरच्याचं तोंड डावीकडं होतं." सगळं युनिट पाटीकडं बघायला लागलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तिला वाटलं चोरीचा आळ आला. मग एका मुलाला उभ्या टेंपोखाली मांजर दिसलं. सातव्याचं शेपूट तेवढं उरलं होतं.

आता सातवा बांगडा आणायचा कुठून? सकाळचा लिलाव आटपलेला. एकजण बर्फातला घेऊन आला तर ती मुलगी म्हणाली, याचे डोळे वेगळे दिसतात, हा खाली घाला. मावशी चकितच झाली. उभ्या हयातीत इतकं बारीक बघणारं गिऱ्हाईक तिला भेटलं नव्हतं. या मुलीचं काम म्हणजे कंटिन्यूटी. आधीच्या शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्या शॉटमध्ये तसंच राहिलं पाहिजे. पदर कुठल्या खांद्यावर, पेल्यात चहा किती, बांगडे किती. पॅकअप झाल्यावर मावशीनं नायिकेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मुलीला मात्र चार बांगडे कागदात बांधून दिले आणि जेट्टीवर जाहीर केलं, "ही एकटी शिकलेली. हिला बाजारात कोण फसवणार नाय."

माझा पुतण्या दिवसभर त्या मुलीच्या मागं उभा होता. घरी आल्यावर जेवताना म्हणाला, "काका, मासे मोजायचे पैसे मिळतात." तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दादांना गप्प करणाऱ्या त्या 'मग?'ला भिऊनच आपल्याकडं सिनेमाचा जन्म झाला. 'राजा हरिश्चंद्र' करताना दादासाहेब फाळके आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. नाटकात काम करणारा आधीच वाया गेलेला, आणि हे सिनेमा प्रकरण तर कुणी पाहिलेलंही नव्हतं. फॅक्टरी म्हटलं की मुलीचा बाप निदान दार तरी उघडायचा. परेश मोकाशींनी 2009 साली याच नावावरून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला. फाळक्यांचा स्वतःचा प्रवास पाहा. जे. जे.मध्ये चित्रकला, बडोद्याला कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नकाशे-रेखाटनं, मग छपाईचा धंदा, आणि मधे 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोग. फाळके उलटे वाचा, केळफा होतात. आजच्या एखाद्या बापानं ही यादी पाहिली तर 'मुलगा स्थिर नाही' असा शेरा मारील. दादांनी तो मारलाच. मी म्हटलं, "दादा, या सगळ्या खात्यांची बेरीज म्हणजेच सिनेमा. चित्र, फोटो, रसायन, छपाई आणि जादू." ते म्हणाले, "जादू कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

आणि अण्णा साळुंके! ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते, पगार 10 रुपये. फाळक्यांनी 15 देऊ केले आणि 1913 साली अण्णा तारामती झाले, कारण बाई कुणी मिळेना. 1917च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. विरह हा संपूर्णपणे अंतर्गत प्रश्न होता. पुढं अण्णा कॅमेऱ्याच्या मागं गेले आणि छायालेखक झाले. हॉटेलातल्या मुदपाकखान्यातून राजवाड्यात, राजवाड्यातून कॅमेऱ्यामागं. माझ्या पुतण्याची पाच खाती यापुढं काहीच नाहीत.

पण माझं मन अडतं ते सरस्वतीबाई फाळक्यांपाशी. रात्री कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची त्यांनी, रसायनं कालवायची त्यांनी, युनिटचा स्वयंपाक त्यांचा, आणि दुपारी उन्हात पांढरी चादर ताणून उभं राहायचं, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आमच्या जेट्टीवरच्या त्या थर्माकोलवाल्याची मूळ माउली हीच. आज या कामांना लॅब असिस्टंट, केटरिंग, लाइट, प्रॉडक्शन अशी वेगवेगळी खाती आहेत, प्रत्येकाची युनियन आहे, जेवणाची सुट्टी आहे. सरस्वतीबाईंना जो हुद्दा मिळाला तो एकच, फाळक्यांची बायको.

दादांना मात्र फाळके लागू पडले नाहीत. "ते मोठे लोक होते, शंभर वर्षांमागचे," म्हणाले. मग मी जवळचा दाखला काढला. आमच्या दापोलीत जन्मलेले नितीन चंद्रकांत देसाई. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार चित्रपटांसाठी कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. कर्जतला स्वतःचा स्टुडिओ. 2023 साली ते गेले, सत्तावन्न वर्षांचे होते. "आणि ते करायचे काय," मी दादांना म्हटलं, "तर तुम्ही दर गणपतीला जे करता तेच."

हे वर्मी लागलं. आमच्या घरचं मखर हा दादांचा प्रांत आहे. तीस वर्षं त्यांनी गणपतीच्या आधीची सगळी रजा मखरात घातली. कधी केदारनाथ, कधी जेजुरी, एकदा तर आमचीच फेरीबोट केली होती, आत गणपती आणि टपावर उंदीर. 2018 साली सरकारनं थर्माकोल बंद केला तेव्हा आठ दिवस ते जेवणात गप्प होते, मग पुठ्ठ्याकडं वळले. रात्र रात्र जागून उभं करायचं, लोकांनी 'वा' म्हणायचं आणि पाचव्या दिवशी दोरी तोडून माळ्यावर टाकायचं. सेट म्हणजे तरी दुसरं काय? मखरच, फक्त गणपतीच्या जागी शाहरुख खान. दादा बराच वेळ खाडीकडं बघत बसले. मग म्हणाले, "पण मी मखराचे पैसे घेत नाही." मी म्हटलं, "तुमच्यात आणि देसायांत तेवढाच फरक राहिला."

वहिनींचा दाखला निराळा होता. याच वाशिष्ठीच्या काठानं वर गेलं की चिपळूण, तिथं जन्मलेले काशिनाथ घाणेकर. रंगभूमीवर टाळ्या घ्यायच्या आधी ते दातांचे डॉक्टर झाले होते. "आधी डिग्री," वहिनी म्हणाल्या. "नाटक पडलं तरी लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत." यावर पुतण्यानं फोनवरून रसूल पुकुट्टी हे नाव फेकलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी, 2009 साली आवाजाच्या कामासाठी ऑस्कर. मी कोल्हापूरच्या भानू अथैयांची भर घातली. भारतातलं पहिलं ऑस्कर 1983 साली त्यांनी आणलं, तेही 'गांधी'मधल्या कपड्यांसाठी. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे शिवणाचा क्लास लावला असता तरी चाललं असतं."

पैशाचं विचाराल तर तिथं दादांचं बरोबर आहे, मी उगाच बाजू घेणार नाही. रोज काम नाही, आणि केलेल्या कामाचे पैसे पुष्कळदा नव्वद दिवसांनी. मोहर धरल्यापासून आंबा हाती यायला साधारण तेवढेच दिवस लागतात, आणि दोन्हीकडं मधेच पाऊस येऊ शकतो. चाचांनी पुतण्याला एकच प्रश्न विचारला होता, "खाणं कंपनीचं?" हो म्हटल्यावर त्यांनी हा धंदा कायमचा पास करून टाकला.

शिमग्याला तो घरी आला तो सोबत एक काळी पेटी, काठीला लावलेला केसाळ माइक आणि कानावर वाट्या घेऊन. पालखी आली, ढोल वाजले, खेळे आले. संकासुराच्या कमरेच्या घुंगरांमागं तो माइक धरून पळत होता, आणि पोरं त्याच्या मागं. कारण संकासुर दर वर्षी दिसतो, केसाळ माइक पहिल्यांदाच दिसला होता. ते ठीक. खरा उपद्रव सुरू झाला धुळवडीनंतर, घरात.

सकाळी वहिनी भजी तळत होत्या. त्यानं कढईवर माइक धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. "आई, बोलू नको. पाऊस पडतोय." दुपारी आमटीसाठी आणलेल्या शेवग्याच्या शेंगा त्यानं एकेक करून कडाकड मोडल्या. हे कुणाचं तरी मनगट होतं. "आणि आमटीत काय घालू, त्याची हाडं?" वहिनींनी विचारलं. दादांच्या पावसाळी छत्रीची उघडझाप करून त्यानं वटवाघळं उडवली. संध्याकाळी सुपात मूठभर तांदूळ घेऊन तो ओटीवर बसला आणि डोळे मिटून ते एका कडेकडून दुसऱ्या कडेला हळूहळू सोडायला लागला. आवाज खरोखर लाटेचा येत होता. येते, फुटते, मागं सरते.

चाचा गडग्यापलीकडून बघत होते. त्यांना राहवलं नाही. "अरे, समुद्र तिकडं आहे."

"तो रेकॉर्ड करून पाहिला चाचा. माइकमधून खरा वाटत नाही."

"मग कसला वाटतो?"

"भजी तळल्यासारखा."

चाचांनी चाळीस वर्षं समुद्रावर काढली. ते काही न बोलता घरात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं बंबाशेजारच्या ढिगातून करवंट्या निवडल्या. एकेक वाजवून बघत होता, बायका भाजीवालीकडं नारळ वाजवून घेतात तसा. दोन पसंत पडल्या. अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला, समोर मोबाइलवर कुठल्याशा ऐतिहासिक मालिकेतला मुका घोडेस्वार चालू, आणि हातातल्या करवंट्या चालायला लागल्या. टप टपक, टप टपक. आधी चाल, मग दुडकी, मग भरधाव. वळणावर उजव्या हातातली करवंटी जराशी घासून टाकली तेव्हा घोड्याचा पाय घसरला की हो! आमची म्हातारी मांजर उठून चुलीमागं गेली.

मी तेवढ्यावरून पाचशे वर्षं मागं गेलो. रशियातल्या त्‍वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी 1469च्या सुमारास चौलला उतरला, तो विकायला एक घोडा घेऊन. जुन्नर, बिदर असा फिरला आणि परत जाताना बोटीत चढला तो आमच्या दाभोळला. त्यानं लिहून ठेवलंय की हे फार मोठं बंदर आहे आणि इथं अरबस्तान, खुरासान अशा दूरदूरच्या मुलखांतून घोडे येतात. म्हणजे जिथं हल्ली फेरीबोटीची फळी पडते, त्याच काठावर कुठंतरी खरे अरबी घोडे डोळे पांढरे करून, पाय थरथरत उतरत असणार. निकितिनवर 1957 साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून 'परदेसी' काढला. भारत आणि सोव्हिएत रशियाचा एकत्र चित्रपट. निकितिनचं काम ओलेग स्त्रिझेनोव यांनी केलं, बरोबर नर्गिस आणि बलराज साहनी. लोकांना नर्गिस आठवते. कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं ते आपल्या एम. आर. आचरेकरांना, मुळात चित्रकार माणूस.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, लाकडी फळीवरून उतरायचे की वाळूत?" मी म्हटलं, "का रे?" "आवाज वेगळा येतो." मला उत्तर देता आलं नाही. इतिहासाची पुस्तकं मी जन्मभर वाचली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जाताना त्यानं त्या दोन करवंट्या नेल्या, जुनं सूप नेलं, आणि वहिनींच्या पायातल्या झिजलेल्या स्लिपर नेल्या. तसा फटक-फटक आवाज मुंबईत मिळत नाही म्हणाला. वहिनी आठ दिवस अनवाणी फिरल्या आणि जो भेटेल त्याला सांगत सुटल्या की माझ्या चपला सिनेमात गेल्या.

पुतण्याची ती घोडेस्वारांची मालिका परवा आली. टीव्हीवर नव्हे, ते ओटीटी का काय म्हणतात तिथं. सगळे जमलो, चाचाही आले. आठवा भाग संपला, काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि लगेच कोपऱ्यात आकडे आले, पाच, चार, तीन, आणि नववा भाग सुरू. वहिनींनी रिमोट ओढून घेतला. पुन्हा मागं. पुन्हा पाच, चार, तीन. त्या पेटीला वाटतं की नावं वाचायची कुणालाच इच्छा नसते, आणि पन्नास वर्षं थेटरात आपण 'समाप्त' दिसायच्या आत चपला शोधल्या, तेव्हा तिचं तरी काय चुकलं? चौथ्या खेपेला दादांनी बरोब्बर क्षणी बटण दाबलं. चित्र थिजलं. अक्षरं मुंगीएवढी, इंग्रजीत. चष्मा लावून, पडद्याला नाक टेकवून मी वाचलं.

नाव आहे. आडनावात एक अक्षर चुकलंय, पण आहे. वहिनींनी बोटानं खालून मोजलं. शेवटून अकरावं, जनरेटरवाल्याच्या वर.